प्रसाधिकेची सनद

वकिलास सनद लागते, वैद्यास नोंदणी लागते, मोटार हांकणारास परवाना लागतो. मग परक्या माणसाच्या मुखावर लेप देणाऱ्या, डोळ्यापासून बोटभर अंतरावर दोरा फिरवून भिवया कोरणाऱ्या आणि केसांस रसायनें लावणाऱ्या प्रसाधिकेस काय लागतें? प्रश्न साधा आहे. परंतु त्याचें उत्तर पुष्कळ सुशिक्षित घरांतहि ठाऊक नसतें. तें ठाऊक नसल्यामुळें कष्टाचा पैसा वायां जातो, आणि क्वचित् कातडीहि पोळते.

अहिल्यानगर जिल्हा, ज्यास २०२४ पर्यंत अहमदनगर म्हणत, क्षेत्रफळानें महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा. त्यांतील संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी, शेवगांव हीं गांवें मोठ्या बाजारपेठा झालीं आहेत. नवरी सजविण्याचें जें काम पूर्वीं घरांतील आत्या-मावशा करीत, तें लग्नसराईंत आतां ब्युटी पार्लरकडे गेलें आहे. थोड्या भांडवलावर, घरच्या एका खोलींतहि करतां येण्याजोगा हा धंदा असल्यामुळें मुलीनें तो शिकावा असें अनेक आईबापांस वाटतें. आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं.

समजा, पाथर्डी तालुक्यांतील एक मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. आईनें भिशींत साठविलेले पैसे घेऊन ती जिल्ह्याच्या गांवीं आली. एका जिन्यापाशीं पाटी दिसली : ‘शासनमान्य पदविका, तीन महिन्यांत.’ पैसे भरले गेले. तीन महिन्यांनीं सोनेरी काठाचा कागद मिळाला. तो चौकटींत बसवून तिनें आपल्या दुकानांत टांगला. सरकारचा परवाना मिळाला, अशी तिची व तिच्या गिऱ्हाइकांची समजूत झाली. ही समजूत खरी आहे काय?

उत्तरापूर्वीं क्षणभर अमेरिकेकडे पाहावें, कारण असा परवाना तेथें खरोखरीच आहे. मिनेसोटा राज्यानें १८९७ सालीं न्हाव्यांस परवाना सक्तीचा केला. पुढें इतर राज्यांनींहि तोच मार्ग धरला व प्रसाधिकाहि त्या नियमाखालीं आल्या. कॅलिफोर्नियांत केस व त्वचा या दोहोंचें काम करूं इच्छिणारीस १६०० तासांचें शिक्षण लागत असे. २०२२ पासून तें १००० तासांवर आलें. केवळ त्वचेचें काम करणारीस ६०० तास पुरतात. त्यानंतर राज्याच्या मंडळाची परीक्षा असते. तास अधिक ठेवले तर गरिबाच्या मुलीवर कर्जाचा बोजा पडतो, असें एक पक्ष म्हणतो. तास कमी केले तर गिऱ्हाइकाच्या आरोग्यास धोका, असें दुसरा म्हणतो. हा वाद तेथें अद्यापि चालू आहे.

महाराष्ट्रांत, किंबहुना सबंध भारतांत, प्रसाधिकेच्या हाताची परीक्षा घेऊन दिलेली अशी सक्तीची सनद नाहींच. येथें जे कागद भिंतीवर दिसतात ते निरनिराळ्या प्रकारचे असतात, आणि त्यांतील भेद ओळखणें हेंच या विषयाचें मर्म आहे.

पहिला कागद दुकानाचा. १९४८ च्या मुंबई दुकानें व आस्थापना कायद्याची जागा २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें घेतली. त्याप्रमाणें नोकर थोडे असल्यास धंदा सुरू केल्याची सूचना द्यावी लागते. त्यांची संख्या ठराविक मर्यादेवर गेल्यास नोंदणी करावी लागते. दुकान कोठें आहे, मालक कोण, नोकर किती, एवढेंच हा कागद सांगतो. मालकिणीस भिवया कोरतां येतात कीं नाहीं, याविषयीं तो मुका आहे.

दुसरा कागद शिक्षणाचा. १९५० सालीं सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखालीं ज्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था चालतात, त्यांस सर्वजण आय. टी. आय. म्हणतात. त्यांतील कांहींत कॉस्मेटोलॉजी हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दहावी उत्तीर्ण विद्यार्थिनीस तेथें प्रवेश मिळूं शकतो. वर्षाअखेर अखिल भारतीय परीक्षा होते व राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळतें. तोहि परवाना नव्हे. परंतु कौशल्याचा तो भरंवशाचा पुरावा आहे आणि देशांत कोठेंहि दाखवितां येतो. जवळच्या संस्थेंत हा विषय शिकवितात कीं नाहीं, याची चौकशी मात्र प्रवेशाच्या दिवसांपूर्वींच करावी.

तिसरा कागद खासगी वर्गाचा. सर्वच वर्ग लबाड असतात असें नव्हे. कित्येक चालिका मन लावून शिकवितात. परंतु ‘शासनमान्य’ या शब्दाआड नक्की कोण उभें आहे, हें विचारलें पाहिजे. केंद्र सरकारनें २०१८ सालीं राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद स्थापण्याचें जाहीर केलें; कौशल्याचीं प्रमाणपत्रें देणाऱ्या संस्थांस मान्यता देणें हें तिचें एक काम. वर्गाची दुकान म्हणून नोंदणी झाली, म्हणून त्याच्या पदविकेस मान्यता मिळाली, असें होत नाहीं. प्रमाणपत्रावर कोणत्या संस्थेचें नांव असेल आणि परीक्षा कोण घेईल, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधीं विचारले असते, तर पाथर्डीच्या त्या मुलीच्या आईची भिशी अधिक बरें फळ देती.

येथें एक विसंगति ध्यानांत घेण्याजोगी आहे. विक्रीसाठीं क्रीम तयार करणारास औषधें व सौंदर्यप्रसाधनें कायद्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणें राज्याच्या अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो. घरीं क्रीम करून डब्या विकणारी प्रसाधिकाहि त्यांतून सुटत नाहीं. म्हणजे डबींतील क्रीमला परवाना आहे, तें लावणाऱ्या हाताला नाहीं.

मग सनद सक्तीची केली कीं सर्व ठीक होईल काय? मुंबईच्या चित्रसृष्टीचा अनुभव येथें सावध करणारा आहे. तेथें सरकारी परवाना नसला तरी रंगभूषाकारांच्या संघटनेचें ओळखपत्र परवान्याचेंच काम करी. त्यावांचून चित्रीकरणाच्या जागीं काम मिळणें कठीण. आणि रीत अशी कीं, स्त्रियांनीं केशरचना करावी, रंगभूषा पुरुषांनींच करावी. चारू खुराना या कॅलिफोर्नियांत शिकून आल्या असतांहि, २००९ सालीं त्यांना रंगभूषाकार म्हणून सभासदत्व नाकारण्यांत आलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं न्यायमूर्ति दीपक मिश्रा व उदय लळीत यांनीं ही बंदी घटनाविरोधी ठरविली. दारावर उभा असलेला पहारेकरी न्यायी नसेल तर सनद हेंच कुलूप होऊन बसतें, हा त्या खटल्याचा बोध.

तेव्हां सनद येवो अथवा न येवो, गिऱ्हाइकाचें खरें रक्षण प्रसाधिकेच्या रोजच्या वागणुकींतच आहे. केस रंगविण्याच्या कलपाच्या पुडीवर सूचना असते : कलप आधीं कानामागें अथवा कोपराच्या आंतील बाजूस थोडा लावून चोवीस तास वाट पाहावी, खाज वा लाली आल्यास तो वापरूं नये. लग्न उद्यांवर आलें असतां हे चोवीस तास कोणासच नको असतात. तेव्हां ‘आज कलप लावणार नाहीं’ असें सांगून हातचा पैसा सोडणें, हीच प्रसाधिकेची परीक्षा. प्रत्येकीस नवें पातें, धुतलेला पंचा, निर्जंतुक केलेली कात्री हें ओघानें आलेंच. आणि सुई टोंचून औषध घालण्याचें काम निघालें तर तें डॉक्टराचें आहे, हें स्पष्टपणें सांगून हात आखडता घ्यावा.

कामास नकार देण्याचें हें धैर्य या व्यवसायाला नवें नाहीं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं विधवांचें केशवपन न करण्याचा निश्चय केला. त्यांच्या हातीं कोणतीहि सनद नव्हती, कोणा अधिकाऱ्याचा हुकूमहि नव्हता. आपला वस्तरा कशासाठीं चालावा व कशासाठीं चालूं नये, हें त्यांचें त्यांनींच ठरविलें.

पाथर्डीच्या त्या मुलीनें तीन महिन्यांत जें शिकलें तें अगदींच वायां गेलेलें नाहीं. तिला अजूनहि मान्यतेची परीक्षा देतां येईल आणि दुकानाची सूचना रीतसर देतां येईल. ज्या घरांतून तिच्याकडे गिऱ्हाईक जातें, त्या घरांनीं मात्र चौकटींतील सोनेरी काठ पाहून समाधान मानूं नये. पातें नवें आहे काय आणि कलपाची परीक्षा केली काय, एवढें विचारावें. आणि ज्या दुकानांत या प्रश्नांचा राग येत नाहीं, तेथें निःशंक बसावें.