फी भरणाऱ्याला काय सांगायचं?

मानसोपचारातली गोपनीयता म्हटलं की हल्ली लोकांना पासवर्ड आठवतो, माहिती चोरणारा कुणी अनोळखी आठवतो. ती भीती खोटी नाही. पण आपल्या संभाजीनगरात गुपित फुटतं ते बहुधा मायेच्या माणसांपायी. मुलगा तासभर बोलून बाहेर येतो आणि वडील दारातच मला गाठतात, "काय म्हणाला हो तो? आमच्याबद्दल काही बोलला का?" फी त्यांनीच भरलेली. वाळूजच्या कंपनीत अर्धा दिवस रजा टाकून तेच आलेले. त्यांना नाही म्हणणं हे आमच्या कामातलं सगळ्यात जड काम आहे.

मुलगा सज्ञान असेल तर कायदा स्पष्ट बोलतो. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ला लागू झाला. त्याच्या तेविसाव्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आणि उपचार करणाऱ्या प्रत्येकावर ती पाळायचं बंधन घातलं. माहिती ज्याला कळावी असा आपला प्रतिनिधी रुग्ण स्वतः नेमू शकतो. तो बापच असला पाहिजे असं नाही. मावशी चालेल, मित्र चालेल. हे सांगितलं की वडिलांचा चेहरा उतरतो, आणि मला त्यांचंही वाईट वाटतं. अठराच्या आतल्यांचं वेगळं, तिथे पालकच प्रतिनिधी. म्हणून पहिल्याच भेटीत मी दोघांना समोरासमोर बसवते आणि घरी काय सांगायचं, काय नाही, हे मुलाच्या देखत ठरवून टाकते. नंतर दारात भांडण होत नाही.

कायदा फायलीपुरता बोलतो, शहर फायलीबाहेरही वाचतं. दवाखान्याखाली लावलेली स्कूटी औरंगपुऱ्यातली कुणीतरी मामी ओळखते. रिसेप्शनवरची मुलगी बाहेरच्या खोलीत मोठ्याने पूर्ण नाव पुकारते. फीचे पैसे मोबाइलवरून दिले, की व्यवहारांच्या यादीत दवाखान्याचं नाव जाऊन बसतं, आणि तो फोन सासऱ्यांच्या हातात असतो. स्थळ बघणारे तर मेडिकलवाल्यापर्यंत चौकशी करतात! यातल्या बऱ्याच गोष्टींना कवडीचाही खर्च न करता आळा घालता येतो. नावाऐवजी नंबर पुकारा, दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं मोकळी सोडा, पाटीवर आजाराचा उल्लेख नको. आणि डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इंटरेस्टिंग केस' टाकायचा मोह आवरा. नाव खोडलं तरी गाव, जात, नोकरी आणि बायकोचं माहेर एवढ्यावरून आपल्याकडे माणूस ओळखू येतो.

तोंड उघडावंच लागतं अशाही वेळा असतात. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात भारतातून शिकायला गेलेल्या एका तरुणाने आपल्या मानसोपचारतज्ज्ञाला एका मुलीला मारण्याचा विचार सांगितला. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिलं. मुलीला कुणीच सावध केलं नाही, आणि ऑक्टोबर १९६९मध्ये तिचा खून झाला. १९७६मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की जिच्या जिवाला धोका आहे तिच्या रक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्यच आहे. आपल्या कायद्यातही दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून माहिती देता येते, पण धोका टाळायला लागेल तेवढीच. सगळी फाईल नव्हे. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर 'पॉक्सो'खाली पोलिसांना कळवावंच लागतं, तिथे आमच्या मर्जीचा प्रश्न नाही. हे अपवाद मी पहिल्या दिवशीच सांगते. काही जण ते ऐकून उठून जातात. जाऊ देत, मागाहून फसवल्यासारखं वाटण्यापेक्षा ते बरं.

मला खरी काळजी वाटते ती शहराबाहेरची. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य सरकारने मराठवाडा-विदर्भाच्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आणला. आपला जिल्हा त्यात आहे. खचलेली माणसं शोधायचं काम आशाताईंकडे आलं. कल्पना चांगली, आशाताई कष्टाळू, आणि माझा त्यांच्यावर काडीचाही राग नाही. पण आशा त्याच गावची असावी असा नियम आहे. बाळंतपणासाठी, लसीकरणासाठी तो शहाणपणाचा; मनाच्या बाबतीत तोच आडवा येतो. ती कुणाची तरी वहिनी असते, कुणाची चुलत सून. ओसरीवर सावकाराचा पुतण्या बसलेला असताना ती विचारणार, "दादा, झोप लागते का? जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" दादा काय सांगणार? "सगळं झ्याक चाललंय." कागदावर झ्याक लिहिलं जातं, आणि तो कागद खरा धरून पुढचं नियोजन होतं.

फोनची सोय आहे. आरोग्य खात्याचा १०४ आहे, ऑक्टोबर २०२२पासून 'टेलिमानस'चा १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. तरी घर दोन खोल्यांचं असलं, की फोन लावायला बांधावरच जावं लागतं. माझी सूचना साधी आहे. आशाताईंनी सगळ्याच घरांत हे नंबर द्यावेत, कुणाला निवडून नव्हे, म्हणजे कुणावर शिक्का बसणार नाही. मनाचे प्रश्न मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रात, बीपी-शुगरच्या तपासणीच्याच दिवशी, दार लावून, दुसऱ्या गावच्या माणसाने विचारावेत. कुणी पाहिलंच तर म्हणेल, शुगर तपासायला गेला असेल.