कोंबडी अंडे कोठे घालते?

(नभोवाणीवरील भाषण)

परसात चार कोंबड्या पाळणाऱ्या घरातून एक तक्रार नेहमी ऐकू येते. कोंबडी अंडी घालते, परंतु खुराड्यात घालीत नाही. सकाळी तिचा कलकलाट होतो, अंडे घातल्याची वर्दी साऱ्या आळीला मिळते आणि खुराडे पाहावे तो रिकामे! मग शोध सुरू होतो. सरपणाच्या ढिगामागे, कडब्याच्या गंजीत, कर्दळीच्या बुडाशी, पडक्या भिंतीच्या आडोशाला हात घातला जातो. कधी अंडी सापडतात, कधी नुसती कवचे. असे चार-सहा वेळा झाले, की घरधनीण त्या कोंबडीला उनाड ठरविते आणि एखाद्या दिवशी तिची रवानगी चुलीकडे होते. वस्तुतः हा अपराध कोंबडीचा नसतो. तिला हवी असलेली जागा घरात कोणी केलेली नसते, म्हणून ती जागा शोधीत ती बाहेर जाते.

हे नुकसान दिसते त्याहून मोठे आहे. गावठी कोंबडी वर्षाकाठी सामान्यतः ५० ते ८० अंडी देते आणि तीही सलग देत नाही. वर्षातून तीन-चार वेळा तिला अंड्यांची खेप येते, प्रत्येक खेपेस बारा-पंधरा अंडी होतात, आणि मग ती खुडूक होऊन बसते. म्हणजे एक खेप झुडपात गेली, तर वर्षाच्या उत्पन्नाचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला. शिवाय आडबाजूला खुडूक बसलेली कोंबडी एकवीस दिवस रात्रंदिवस तेथेच राहते. मुंगूस, रानमांजर, भटके कुत्रे, खेड्यापाड्यांत कोल्हा, यांपैकी कोणाच्या तरी ती एका रात्री हाती लागते. अंड्यांबरोबर कोंबडीही गेली, की गरीब घरातील बाईच्या हातचा पैसाच गेला. खेड्यात कोंबडीचे उत्पन्न बहुधा घरच्या बाईच्या स्वाधीन असते. मुलाच्या वहीला, औषधाच्या बाटलीला तोच पैसा उपयोगी पडतो. आणि विकावयाचे नसले, तरी ते अंडे वाढत्या मुलाच्या ताटातील सकस अन्न असते.

बडोद्यासारख्या ठिकाणी याला आणखी एक बाजू आहे. येथे मराठी कुटुंबाच्या कुंपणापलीकडे जैन किंवा वैष्णव कुटुंब राहत असणे ही नित्याची गोष्ट आहे. उभयतांचा घरोबा जुना असतो. सणासुदीला ताटांची देवाणघेवाण होते. परंतु शेजारच्या तुळशीच्या वाफ्यात कोंबडीने अंडे घातले, तर त्या घरी मन खट्टू होते आणि बोलून न दाखविलेला दुरावा येतो. आपल्या कोंबडीने आपल्याच परसात अंडे घालावे, यात केवळ किफायत नाही; शेजारधर्मही आहे.

परसातील कोंबडीचा विचार या प्रदेशाला नवा नव्हे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत, १९३२ साली, बडोदे संस्थानाने नवसारी प्रांतातील कोसंबा येथे ग्रामपुनर्रचनेचे केंद्र उघडले. शेतीला जोडधंदा हवा, या हेतूने तेथे भाजीपाला, विणकाम, मधमाशा यांच्याबरोबर कुक्कुटपालनालाही स्थान देण्यात आले होते. जोडधंद्याचे एक वैशिष्ट्य असे, की त्यात भांडवल थोडे असते म्हणून गळतीही थोडी असावी लागते. मोठ्या दुकानाला दहा रुपयांची तूट सोसते. चार कोंबड्यांच्या संसाराला दहा अंड्यांची तूट सोसत नाही.

आता कोंबडीच्या बाजूने पाहू. तिचे मूळ रानकोंबडीत आहे. रानकोंबडी झाड चढून झोपते, परंतु अंडी जमिनीवर, गवताच्या किंवा झुडपाच्या आडोशाला, उथळ खळगा उकरून घालते. हजारो वर्षे माणसाच्या अंगणात वावरूनही परसातील कोंबडीने ही रीत सोडलेली नाही. अंडे घालण्यापूर्वी ती बेचैन होते, एक विशिष्ट सूर काढते, कानाकोपरे न्याहाळीत फिरते, एका जागी बसून पाहते, उठते, पुन्हा बसते. १९६० च्या दशकात एडिंबरो येथील वुड-गश व गिल्बर्ट या संशोधकांनी या वर्तनाचा अभ्यास केला. आदल्या दिवशी बीजांडातून बलक सुटतो, तेव्हाच दुसऱ्या दिवशीच्या या शोधाची प्रेरणा कोंबडीच्या शरीरात निश्चित होते, असे त्यांना आढळून आले. म्हणजे आडोसा शोधणे ही कोंबडीची लहर नाही. ती तिच्या देहाची गरज आहे. तारेच्या पिंजऱ्यातील कोंबडीला आडोसा मिळत नाही, तेव्हा ती येरझारा घालीत राहते. युरोपीय संघाने १९९९ साली नियम करून असे उघडे पिंजरे २०१२ पासून बंद केले आणि प्रत्येक कोंबडीला अंडी घालण्याची जागा मिळालीच पाहिजे असे ठरविले, त्यामागे याच गरजेचा विचार होता. भारतात विधी आयोगानेही २०१७ च्या आपल्या एका अहवालात अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या निवाऱ्याचा प्रश्न हाती घेतला. परसातील पाळणाऱ्याला मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहावयास नको. त्याला एक पेटी पुरते.

ही पेटी साधारण एक फूट रुंद, एक फूट खोल आणि सव्वा फूट उंच असावी. चार-पाच कोंबड्यांना एक पेटी पुरेशी होते. पुढील बाजूस चार इंच उंचीची पट्टी ठोकावी, म्हणजे तूस बाहेर सांडत नाही आणि अंडेही घरंगळत नाही. पेटीचे तोंड उजेडाकडे, वाऱ्याकडे किंवा रहदारीकडे असू नये. कोंबडीला आत शिरल्यावर काळोख व निवांतपणा वाटला पाहिजे. वरचे झाकण उतरते असावे. सपाट असले, की कोंबड्या त्यावर बसून घाण करतात. पेटी जमिनीपासून दीड-दोन फूट उंचीवर ठेवावी आणि पुढे उतरण्यासाठी एक काठी बसवावी. परंतु ज्या कोंबडीला जमिनीवरच अंडे घालण्याची सवय जडली आहे, तिच्यासाठी पेटी प्रथम जमिनीवर ठेवून ती सवयीने आत जाऊ लागल्यावर हळूहळू उचलावी.

सुतारकामाला पैसा नसला तरी अडत नाही. बांबूची खोलगट पाटी कोनाड्यात ठेवून पुढे गोणपाटाचा पडदा सोडला, तरी काम भागते. आडवा ठेवलेला फुटक्या तोंडाचा मोठा माठ तर उत्तमच, कारण तो थंड राहतो. पुष्कळ घरी शेंगतेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा वापरतात. तो अंगाने अरुंद असतो, त्याच्या कापलेल्या कडा लागतात, आणि बडोद्याच्या वैशाखात तो तव्यासारखा तापतो. तळाशी तीन-चार बोटे भाताचे तूस, पेंढा किंवा रंध्याचा भुसा घालावा. थर पातळ असला, की अंडे फुटते. फुटलेले अंडे कोंबडी चाखते, आणि एकदा अंडी खाण्याची चटक लागली, की ती सहजी सुटत नाही. खाद्यात शिंपल्यांचा चुरा असला, तर कवच बळकट राहून ही आपत्ती पुष्कळ टळते.

एक चूक सर्वत्र आढळते. पेटी उंच आणि रात्री बसण्याची काठी तिच्याहून खाली, अशी मांडणी केली जाते. कोंबडी रात्री सर्वांत उंच जागा शोधते. तेव्हा ती पेटीत झोपते आणि पेटी विष्ठेने भरते. घाणेरड्या पेटीत दुसऱ्या दिवशी ती स्वतःच अंडे घालीत नाही. म्हणून झोपण्याची काठी नेहमी पेटीच्या वर असावी. तीच गोष्ट पिसवा व गोचिडी यांची. ज्या पेटीत अंगाला दंश होतो, ती कोंबडी सोडून जाते. महिन्यातून एकदा तूस जाळून टाकावे, पेटी कडक उन्हात ठेवावी आणि सांधीकोपऱ्यांत चुना फिरवावा.

पेटी तयार झाली तरी कोंबडीला तिची ओळख करून द्यावी लागते. तलंग अंड्यावर येण्यापूर्वी दोन आठवडे पेट्या जागेवर हव्यात. तुरा लाल होऊ लागला, जवळ गेले असता ती पाठ खाली करून दबकू लागली, म्हणजे दिवस भरत आले असे समजावे. पेटीत एखादे लाकडी अंडे ठेवावे. जेथे अंडे दिसते, ती जागा निर्धास्त, असा कोंबडीचा समज असतो. बडोद्यालगतचे संखेडे कातकामासाठी प्रसिद्ध आहे. कोणताही कातारी असे अंडे सहज करून देईल. ते न जमल्यास अंड्याएवढा पांढरा गोटाही चालतो.

अंडे तयार होण्यास २४ ते २६ तास लागतात, आणि बहुतेक अंडी सकाळी घातली जातात. म्हणून कोंबड्या दहा-साडेदहापर्यंत खुराड्यातच ठेवून मग मोकळ्या सोडाव्यात. आठ-दहा दिवसांत पेटीची सवय जडते. एखादी कोंबडी तरीही बाहेरच जात असेल, तर तिचे गुपित उलगडण्याचा सोपा उपाय असा: तिला सकाळी कोंडून ठेवावे आणि ती कासावीस झाली, की सोडावे. ती इकडेतिकडे न पाहता थेट आपल्या घरट्याकडे जाते. तेथील अंडी उचलावीत, जागेवर काटेरी फांद्या टाकाव्यात आणि कोंबडीला चार-पाच दिवस पेटीसह बंदिस्त ठेवावे. मारझोडीने काही साधत नाही. भ्यालेली कोंबडी अधिक दूरचा आडोसा शोधते. सापडलेली अंडी पाण्यात सोडून पाहावीत. ताजे अंडे तळाशी आडवे राहते, जुने उभे राहते आणि फार जुने तरंगते. तरंगणारे अंडे कोणाला विकू नये आणि घरीही खाऊ नये.

बडोद्याच्या हवेत हे विशेष लक्षात ठेवावयास हवे. उन्हाळ्यात येथे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. कोंबडा असलेल्या घरचे फळलेले अंडे अशा उष्म्यात कोंबडी न बसताही आतून बदलू लागते. म्हणून उन्हाळ्यात दिवसातून तीन वेळा अंडी गोळा करावीत आणि थंड जागी ठेवावीत. पावसाळ्यात चिखलाचे पाय पेटीत येतात; तूस वरचेवर बदलावे. मळलेले अंडे धुऊन साठवू नये, कारण कवचावरील नैसर्गिक लेप धुण्याने जातो आणि अंडे लवकर नासते. विश्वामित्रीला २०१९ व २०२४ साली आलेले पूर ज्यांनी पाहिले, त्या काठच्या वस्त्यांना खुराडे उंच ओट्यावर असावे हे निराळे सांगावयास नको.

खुडूक कोंबडीचा मात्र वेगळा विचार करावा. ती पेटी अडवून बसली, की इतर कोंबड्या बाहेर जातात. पिले हवी असतील, तर तिला अंड्यांसह डालग्याखाली निराळ्या जागी बसवावे. पिले नको असतील, तर तीन-चार दिवस तूस नसलेल्या, खालून वारा लागणाऱ्या जागी ठेवावे. तिची उबेची ओढ ओसरते आणि ती लवकर पुन्हा अंड्यावर येते.

या सर्व खटाटोपास लागणारा खर्च एका जुन्या पाटीचा व चार मुठी तुसाचा आहे. रोजचा वेळ पाव तासाहून अधिक नाही. तेवढे केले, की सकाळचा कलकलाट ऐकून शोधाला निघावे लागत नाही. पडदा दूर करून हात आत घालावा, अंडे अजून ऊबदार असते.