हरलेल्या संघातले 114 बळी

23 सामने, 6 विजय, 15 पराभव, 2 अनिर्णित. 1911 च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय क्रिकेट संघाची ही कामगिरी. एवढ्यावर त्या हंगामाचे मोजमाप करायचे, तर विषय दोन मिनिटांत आटोपतो. पण त्याच हंगामाच्या नोंदीत एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या नावापुढे 114 बळी आहेत, 18.84 च्या सरासरीने. संघ हरत होता आणि बाळू पालवणकर गडी बाद करत होते. ही तफावत कशी पडली, हे समजून घेण्यासारखे आहे.

बाळूंचे घराणे मूळचे कोकणातले, जात चांभार. वडील लष्करात नोकरीला, त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीत गेले. नगरकरांना छावणी म्हणजे काय ते सांगायला नको. नगरलाही कॅम्प आहे. गोऱ्या पलटणी जिथे मुक्कामाला आल्या, तिथे त्यांच्या मागोमाग क्रिकेट आणि फुटबॉल आले. पुण्यात अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम खेळायला शिकले.

बाळूंना पहिली नोकरी मैदानावरच मिळाली, पण खेळाडूची नव्हे. पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा. पुढे 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, पगार महिना चार रुपये. रोलर ओढणे, खेळपट्टी आखणे, जाळ्या उभारणे, टेनिसची मैदाने आखणे ही कामे. हळूहळू सभासदांना सरावासाठी गोलंदाजी करायचे कामही आले. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज. तो लवकर येऊन बाळूंकडून तासन् तास गोलंदाजी करून घेई आणि आपल्याला बाद केले की दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. बॅट मात्र बाळूंच्या हाती कुणी दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची, गोलंदाजी नोकराने, अशी ती वाटणी होती.

या नोकरीने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे हजारो षटकांचा सराव. दुसरी म्हणजे खेळपट्टीची जाण. ज्याने पहाटे माती ओली केली, रोलर किती फिरवायचा हे ज्याने ठरवले, त्याला चेंडू कुठे थांबेल आणि कुठे वळेल हे पाहताक्षणी कळते. फिरकी गोलंदाजाला याहून मोठे शिक्षण नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबाला युरोपियनांविरुद्ध जिंकायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. वाद झाला, शेवटी त्यांना संघात घेतले. मैदानावर सगळे तोच चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र इतरांना पॅव्हेलियनमध्ये कपबशी आणि बाळूंना बाहेर मातीचे भांडे, वापरून फेकून द्यायचे. जेवणाचे पानही वेगळे. प्लेगच्या साथीनंतर ते मुंबईला आले, बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरीला लागले, तिच्या संघाकडून खेळले. हिंदू जिमखान्यानेही त्यांना घेतले. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले. त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते.

1911 चा संघ जुळवायला आधी बरीच वर्षे वाया गेली होती. कोणत्या समाजाचे किती खेळाडू, यावरून आधीचे बेत फिसकटले होते. अखेर पारशी, हिंदू आणि मुसलमान खेळाडूंचा संघ ठरला. कर्णधार पतियाळाचे महाराजा भूपिंदर सिंग, वय 19. त्या जूनमध्ये पंचम जॉर्जचा राज्याभिषेक समारंभ होता. महाराजांना दरबारी मेजवान्यांचीच आमंत्रणे अधिक. ते मोजके सामने खेळले. सुरुवातीचे सामने विद्यापीठांशी झाले. ऑक्सफर्डने हरवले. केंब्रिजविरुद्ध बाळूंनी एका डावात आठ बळी घेतले, तरी सामना गेलाच.

इथे हवामानाची एक बाब लक्षात घ्यायला हवी. 1911 चा उन्हाळा इंग्लंडच्या इतिहासातला अत्यंत कडक उन्हाळा होता. ऑगस्टमध्ये ग्रिनिचला पारा 36 अंशांपलीकडे गेला. त्या काळी खेळपट्ट्या झाकत नसत. पावसात भिजून वाळू लागलेल्या खेळपट्टीवर डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाची दिवाळी असते. कोरड्या, कडक खेळपट्टीवर तोच गोलंदाज फलंदाजांच्या तावडीत सापडतो. बाळूंना जवळजवळ सगळा हंगाम अशा खेळपट्ट्यांवर काढावा लागला. वय पस्तिशीचे आणि खांदा दुखरा. म्हणून ते 114 बळी नुसत्या आकड्याहून बरेच मोठे आहेत.

जुलैत लेस्टरशायरवर विजय मिळाला, तो बाळूंच्या 11 बळींच्या जोरावर. नंतर सॉमरसेटचा सामना. एक गडी राखून भारतीय संघ जिंकला आणि शिवराम 113 धावांवर नाबाद राहिले. प्रथम श्रेणीचे 14 सामने झाले, त्यांतले विजय हे दोनच. दोन्हींमध्ये पालवणकर बंधूंचा हात आहे.

त्याच जुलैच्या 29 तारखेला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवून फुटबॉलची आय.एफ.ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी. बूट घातलेले एकटे सुधीर चॅटर्जी, पेशाने प्राध्यापक. ती जीत देशभर गाजली, अजून गाजते आहे. जिंकलेल्या संघाचे असे भाग्य असते. हरलेल्या संघातल्या एकट्याच्या पराक्रमाला ते लाभत नाही.

मुंबईत मात्र एका समाजाने तो पराक्रम ओळखला. दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. मानपत्र तयार करणाऱ्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर, एल्फिन्स्टन कॉलेजचा विद्यार्थी. पुढे राजकारणात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 1932 च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225.

हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच रीतसर मिळाले नाही. इतक्या वर्षांची गोलंदाजी पाहिलेल्या मंडळींनी ते नाकारले, हा अन्याय होता आणि तसाच तो सांगायला हवा. 1920 मध्ये बाळूंना वगळले आणि कर्णधारपदासाठीही पालवणकरांना डावलले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या भावांनी संघातून अंग काढून घेतले. निवड समितीला माघार घ्यावी लागली. 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि त्यांच्या हाताखाली हिंदूंनी युरोपियनांवर विजय मिळवला.

विठ्ठल यांनी 1948 मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे पुस्तक मराठीत लिहिले. या भावांचा काळ घरच्या माणसाच्या नजरेतून पाहायचा असेल, तर त्यापासून सुरुवात करावी. आपल्या जिल्ह्यातल्या वाचनालयांनी ते शोधून मिळवावे, अशी विनंती आहे.