आधी पाऊस शिकवा



गिर्यारोहकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल मी आयोजकांचा ऋणी आहे. डोंगरात प्राण गमावलेल्या आपल्या सहकाऱ्यांना आदरांजली वाहतो. अध्यक्षानं क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

एव्हरेस्ट सर झालं 1953 मध्ये. पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तेनसिंग नोर्गे तिथल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे पहिले प्रमुख झाले. मग 1961 मध्ये मनाली आणि 1965 मध्ये उत्तरकाशी. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या या संस्थांनी घडवल्या. बेसिक कोर्सला ‘ए’ श्रेणी मिळाली तर ॲडव्हान्स, दोन्हीत ‘ए’ असेल तर प्रशिक्षकांचा कोर्स, या क्रमानं इथले बरेच जण गेलेले आहेत. अलीकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूटच्या साथीनं गिर्यारोहणाची पदविका आली. 2021 मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांना नोंदणी लागू झाली. बारावी झालेली मुलगी आज घरी सांगू शकते की मला डोंगरात नोकरी करायची आहे. आमच्या वेळी हे वाक्य तोंडातून निघालं असतं तर घरात दोन दिवस कुणी बोललं नसतं. या बदलाचा मला मनापासून आनंद आहे.

आढावा इथेच थांबवतो. फार वर्षं एक गोष्ट मनात धरून आहे, आणि ती आज बोललो नाही तर पुन्हा संधी मिळेल असं नाही.

आपण मुलांना बर्फ शिकवतो आणि पावसात कामाला लावतो.

आपल्याकडे ट्रेक लीडरची जागा निघाली की पहिली विचारणा असते बेसिक-ॲडव्हान्स झालंय का. ते झालेला मुलगा क्रॅम्पॉन बांधू शकतो, बर्फावरून घसरताना आइस ॲक्सनं स्वतःला थांबवू शकतो, विरळ हवेच्या आजाराची लक्षणं घडाघडा सांगू शकतो. ही विद्या मोठीच आहे. पण नोकरी कसली मिळते ते पाहा. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून निघणारी बस, त्यात चाळीस-पन्नास अनोळखी माणसं, निम्म्यांच्या पायात गुळगुळीत तळव्याचे बूट. पहाटे पायथ्याच्या गावात पोहे-चहा, आणि मग धुक्यात, निसरड्या कातळावरून चाल. आपलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटरचं. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे जे त्यानं सर्वांत चांगलं पाठ केलंय ते या राज्यात त्याला कधीच लागणार नाही.

एप्रिलमध्ये राजगडावर पाहिलेली गोष्ट सांगतो. भर दुपारी पद्मावती माचीवर एक मुलगा असंबद्ध बडबडायला लागला, पाय लटपटत होते, अंग तव्यासारखं तापलेलं. त्याच्या गटाचा लीडर प्रमाणपत्रवाला, सज्जन, काळजी करणारा. तो म्हणाला, “उंची लागली असेल, जरा पडू दे.” आम्ही त्या मुलाला सावलीत ओढलं, होतं नव्हतं ते पाणी त्याच्या अंगावर, मानेवर, काखेत ओतलं, टोप्यांनी वारा घातला. तो वाचला. उष्माघातात डोकं आधी भ्रमतं, आणि माणसाला थंड करण्यात गेलेलं एकेक मिनिट वाचवावं लागतं, हे त्या लीडरला कुणी शिकवलंच नव्हतं. दोष मी त्याला देत नाही. शिकवणाऱ्यांना देतो, आणि शिकवणारे या सभागृहात बसलेले आहेत.

सकाळच्या परिसंवादात मित्रवर्य बराच वेळ भांडले की लीडरला पदवी हवी की अनुभव. दोन्ही बाजू तळमळीनं बोलल्या. माझं उत्तर महाडच्या अंगाला उतरणाऱ्या एका घाटवाटेवर मला मिळालेलं आहे.

जुलै महिना. कॉलेजच्या मुलांचा मोठा गट. सकाळी गुडघाभर असलेला ओढा दुपारी परतताना मांड्यांच्या वर आला होता. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, पण वर घाटमाथा काळा झाला होता. पाणी सकाळी नितळ होतं, आता तांबडं दिसत होतं आणि त्यात काटक्या, पालापाचोळा येत होता. गटाचा प्रशिक्षक तिन्ही कोर्स केलेला. त्यानं लगेच दोरी काढली, पल्याडच्या झाडाला बांधण्यासाठी स्वतः पाण्यात उतरायची तयारी केली, मुलांना हार्नेस चढवायला सांगितलं. गाठी इतक्या नेटक्या की फोटो काढून पुस्तकात छापाव्यात. बांधावर गुरं घेऊन थांबलेली एक बाई म्हणाली, “बाबा, दोरी ठेव. अजून चढायचंय पाणी.” तिनं काठावर, पाणी जिथं टेकत होतं तिथं, एक दगड ठेवला. थोड्या वेळानं तो दिसेनासा झाला. तिनं वर दुसरा ठेवला. तोही गेला. तिसरा कोरडा राहिला. मग बराच वेळ त्याच्याकडे बघत आम्ही बसलो. पाणी उतरायला लागून दुसरा दगड उघडा पडला, पहिला उघडा पडला, तेव्हा ती गुरं घेऊन ओढ्यात शिरली आणि मागोमाग आम्ही.

चढत्या पाण्यात माणसाला दोरीला अडकवणं म्हणजे त्याला पाण्याखाली डांबणं, हे त्या प्रशिक्षकाला त्या दिवशी कळलं. त्याच्याकडे पदवी होती आणि अनुभवही होता; दोन्ही दुसऱ्या डोंगराचे होते. तेव्हा मित्रहो, आधी ठरवा की पदवी कुठल्या डोंगराची आणि अनुभव कुठल्या ऋतूतला, आणि मगच वाद घाला.

30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ओढ्याच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं आपण सगळ्यांनी पडद्यावर पाहिली. त्यांच्याबरोबर लीडर नव्हता. पण त्या दिवशी आपल्यातला कुणी तिथं असता, तर पाणी चढायच्या आधी त्यांना काठावर आणण्याचं शिक्षण त्याला मिळालेलं होतं का? हा प्रश्न मला आजही झोपू देत नाही.

काही जण म्हणतील, हिमालय हा पाया आहे, बाकी सगळं त्यावर आपोआप चढतं. मला हे मान्य नाही. आउटवर्ड बाउंड या साहस-शिक्षण संस्थेची पहिली शाळा 1941 मध्ये वेल्समधल्या ॲबरडवीला निघाली, ती कशासाठी? युद्धात जहाजं बुडत होती आणि लाइफबोटीत तरुण खलाशी तग धरू शकत नव्हते, म्हणून शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी एका जहाज कंपनीच्या मदतीनं ती काढली. समोर जो धोका होता त्याचं शिक्षण समोरच्याच समुद्रावर दिलं. ब्रिटनमध्ये आजही उन्हाळी डोंगरात माणसं नेण्याचं प्रमाणपत्र वेगळं आणि हिवाळी डोंगराचं वेगळं. उन्हाळीसाठीही परीक्षेला बसण्याआधी डोंगरातल्या किमान 40 चांगल्या दिवसांची नोंद लागते. आपल्याकडे श्रावणातल्या सह्याद्रीचं प्रमाणपत्र कुणी कधी मागितलंय?

विषयांची कमतरता नाही. आग्या मोहोळ उठलं की हात न झटकता, तोंड झाकून, कड्याच्या बाजूला न पळता गट कसा हलवायचा. अत्तर आणि धूर पायथ्यालाच का थांबवायचा. घोणस चावली तर सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय कोणतं, आणि तिथं जायला गाडी कुणाची. ओढ्यात शिरण्याआधी सॅकचा कमरपट्टा सोडायचा, हे किती जण शिकवतात? आणि सगळ्यात अवघड म्हणजे पैसे भरून आलेल्या पन्नास माणसांना अर्ध्या वाटेवरून परत फिरवायचं, ऑफिसातून मालकाचा फोन येत असताना. नव्या लीडरला हे एकट्यानं पेलत नाही. त्याच्या पाठीशी संस्था लागते, आणि ती तशी उभी राहायला हवी असेल तर हा भाग परीक्षेत असला पाहिजे, संस्थाचालकांच्याही.

माझी मागणी एवढीच आहे. महाविद्यालयात साहस-नेतृत्वाचा जो कुठला अभ्यासक्रम निघेल, त्यात दोन पावसाळे आणि एक कडक उन्हाळा जाणत्या लीडरच्या हाताखाली सह्याद्रीत काढल्याशिवाय मुलाला प्रमाणपत्र देऊ नये. हिमालयाचा कोर्स त्यानंतर. शिकवणाऱ्यांत घाटाखालच्या आणि किल्ल्यांच्या घेऱ्यातल्या गावांची माणसं असावीत. वाटाड्या म्हणून दोनशे रुपये हातावर ठेवून वाटेला लावण्यासाठी नव्हे, परीक्षक म्हणून, मानधनाच्या यादीत नाव घालून. त्या ओढ्याकाठच्या बाईची सही ज्या मुलाच्या नोंदवहीत असेल, त्याच्यामागून मी माझी नात डोळे मिटून पाठवीन.

नोंदवहीचा नमुना कसा असावा, विद्यापीठांशी कुणी बोलावं, खर्चाचं काय, हे आज माझ्याकडे तयार नाही. त्यासाठी एक छोटी समिती नेमावी अशी सूचना मांडतो. तिची पहिली बैठक मात्र शहरात नको; जुलैमध्ये, घाटाखालच्या एखाद्या गावाच्या देवळात घ्या. ज्यांना काम करायचं आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कार्यवाहांकडे नावं द्यावीत. पहिलं नाव माझं लिहून घ्या.