डबकं कोणाचं, पाणी कोणाचं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पंचवीस वर्षं पूर्ण झाली, सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. सत्कार झाले, जेवणाचा वासही यायला लागलाय, त्यामुळं मी लांबण लावणार नाही. सचिवांनी मला विषय दिला तो "शहर आणि पाणी". विषय भला मोठा आहे. मी तो आपल्या मागच्या भिंतीपलीकडं आणून ठेवतो. तिथं जे आहे त्याला कुणी तळं म्हणतं, कुणी डबकं. बहुतेक जण डबकंच म्हणतात.

मागच्या सर्वसाधारण सभेत त्यावर तीन मतं निघाली. एक मत, बुजवून टाका, डास तरी जातील. दुसरं, नगर परिषदेनं ताब्यात घ्यावं आणि कडेनं फिरायला रस्ता करावा. तिसरं, मालकाला नोटीस द्या, जागा त्याची, घाण त्यानं काढावी. टाळ्या तिन्ही मतांना पडल्या. मी नोकरीभर सातबारे आणि फेरफार बघत आलो, म्हणून या तिन्हींवर बोलायचा थोडा हक्क सांगतो.

आधी हिशोब. आपण टँकरवाल्या जिल्ह्यातली माणसं, म्हणून टँकरमध्येच मोजू. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं साधारण १० हजार लिटर, म्हणजे एक टँकर. दहा एकरांचा लेआउट असेल तर ४०० गुंठे, म्हणजे ४०० टँकर. पूर्वी इथं काळी रानं होती तेव्हा त्यातलं बरंच जमिनीत मुरायचं. आता छपरं, सिमेंटचे रस्ते, फरशीची अंगणं. मुरायला जागा कुठं आहे? आता एक एकराचं तळं धरा. त्यात मीटरभर पाणी साठलं तर तेही ४०० टँकर. म्हणजे तळमजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जे पाणी शिरत नाही, ते त्या डबक्यात थांबलेलं असतं. तळ्याच्या तळाशी गाळ फूटभर वाढला, की त्यातले शंभराच्या वर टँकर कमी करा. ते कुठं जातील हे वेगळं सांगायला नको.

कुणी म्हणेल, आपल्याकडं पाऊसच कुठं पडतो. खरंय, चार वर्षं कोरडी जातात. पण इथं वयानं मोठी जी मंडळी बसलीत, त्यांना जुलै १९८९ आठवत असेल. बिंदुसरेला पूर आला आणि बीड शहरातल्या नदीकाठच्या वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. सप्टेंबर २०२५ तर सगळ्यांनाच आठवतो. दुष्काळी जिल्हा म्हणून पावसानं कधी आपल्याला सूट दिलेली नाही. उलट दुष्काळी भागात माणूस नाल्याची वाट विसरतो, कारण ती सात-आठ वर्षं कोरडी दिसते. मग तिच्यावर भिंत येते, टपरी येते, पार्किंग येतं.

आता बुजवायचं म्हणणाऱ्यांसाठी. मुंबईत धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं आपण ऐकतो. पत्त्यात तलाव आहे, जागेवर पाण्याचा थेंब नाही. त्यातले काही दानशूर लोकांनी पदराला खार लावून बांधलेले होते. पुढं नळ आले, मलेरियाचा प्रश्न उभा राहिला. डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात शहरातल्या विहिरी आणि टाक्यांकडं बोट दाखवलं, आणि बुजवण्याला जोर आला. त्या काळी माणसं तापानं मरत होती, त्यामुळं त्या निर्णयाला मी नावं ठेवणार नाही. पण पाण्याचा विचार त्यात राहूनच गेला. कोल्हापूरला गांधी मैदान आहे, ते पूर्वी वरुणतीर्थ नावाचं तळं होतं. तळं मिटलं तरी पावसाळ्यात पाणी तिथं हजेरी लावतंच. जमिनीचा उतार ठरावानं बदलत नाही. डासांसाठी गप्पी मासे सोडता येतात, सांडपाणी बंद करता येतं, जलपर्णी काढता येते. त्यासाठी तळंच पुरून टाकायचं म्हणजे ढेकणासाठी घर जाळण्यासारखं झालं. बीडला कंकालेश्वराचं मंदिर भर पाण्यात उभं आहे. तिथं कुणी म्हणतं का, डास होतात, कुंड बुजवा? देव बसला की तळ्याला मान मिळतो. आपल्या डबक्याला देव नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

तिसरं मत मालकाचं. मालक आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला नाही, मीही नाव घेणार नाही. पण त्याच्या बाजूनं एकदा बघा. वडिलोपार्जित जमीन. रान होतं तोवर खोलगट भागात गुरं पाणी प्यायची, काठावर कडवळ व्हायचं. चहूबाजूंनी लेआउट पडले आणि सगळ्यांचं पाणी त्याच्याकडं वळलं. आता पेरता येत नाही, विकायला जावं तर गिऱ्हाईक पाणी बघून परत फिरतं. वरच्या जमिनीवर पडलेला पाऊस उतारानं खालच्या जमिनीत जाणार, हे कायदाही मानतो आणि शेतकरी तर मानतोच. पण आपल्या मोरीचं आणि सेप्टिक टँकचं पाणी त्यानं झेलावं, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. त्याला नोटीस द्यायला आपण निघालो, तर त्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील की पाइप कुणाचा.

कागद बघणं म्हणूनच महत्त्वाचं. महाराष्ट्रात ज्या नद्या, नाले, तलाव कुणाच्या मालकीचे नाहीत ते शासनाचे, असं महसूल कायदा सांगतो. "कुणाच्या मालकीचे नाहीत" हे तीन शब्द कळीचे. सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल अलीकडं सगळे तोंडावर फेकतात, की तळ्यावरची अतिक्रमणं काढा. निकाल मोलाचा आहे, पण तो गावाच्या सामाईक तळ्याचा. सातबाऱ्यावर खासगी नाव असेल तर तो आपोआप लागू पडत नाही. तिथं आधी पोटखराबा वाचायचा. पोटखराबा म्हणजे आकारणीतून वगळलेलं क्षेत्र एवढंच लोकांना माहीत असतं. पण त्यात दोन वर्ग आहेत. "अ" म्हणजे खडकाळ, लागवडीला निरुपयोगी. "ब" म्हणजे सार्वजनिक कामासाठी सोडलेलं. रस्ता, पायवाट, दफनभूमी, आणि मालकाशिवाय इतर लोक ज्याचं पाणी वापरतात असं तळं किंवा ओढा. त्या खोलगट भागाची नोंद "ब" मध्ये असेल तर बोलणीचा सूरच बदलतो, कारण तिथं इतरांचा वापर कागदावरच आलेला आहे. नोंद "अ" असेल किंवा नोंदच नसेल, तर जमीन मालकाची आहे आणि घ्यायची तर मोबदला देऊनच घ्यावी लागेल. एका अक्षराचा फरक, पण त्याची किंमत लाखांत जाऊ शकते. जुना निजामी अभिलेख, खासरापत्र, मोजणीचा टिपण, हे सगळं त्यासाठी काढावं लागतं.

आता घ्यायचं कसं. विकास आराखड्यात नुसता निळा रंग भरला म्हणून तळं शहराचं होत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम १२६ आहे. आरक्षित जमीन घ्यायचे त्यात तीन रस्ते दिलेत. मालकाशी बोलून ठरलेली रक्कम द्यायची, हा पहिला. दुसरा, पैशाऐवजी चटई क्षेत्र किंवा टीडीआर द्यायचा, म्हणजे त्याचा बांधकामाचा हक्क त्यानं दुसरीकडं वापरायचा किंवा विकायचा. तिसरा, शासनाकडं प्रस्ताव पाठवून सक्तीचं भूसंपादन. तिसऱ्यात २०१३ चा कायदा लागतो, आणि शहरी भागात बाजारभाव अधिक तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे दुप्पट, द्यावी लागते. लहान नगर परिषदेला हा आकडा ऐकूनच घाम फुटतो. ज्या गावात रस्त्यातले खड्डे बुजवायला निधी मागावा लागतो, तिथं पाणी साठवणाऱ्या खड्ड्यासाठी कोण पैसे देणार?

म्हणून सगळे टीडीआरकडं वळतात. नागपूरला सोनेगाव तलाव हा भोसलेकालीन तलाव, पण खासगी मालकीचा. तिथं महापालिकेनं हाच टीडीआरचा मार्ग धरला. नागपूरला ते परवडतं, कारण तिथं टीडीआर विकत घेणारे बिल्डर आहेत. आपल्याकडं चार मजल्यांच्या वर इमारत नवलाची. मालकाच्या हातात टीडीआरचं प्रमाणपत्र दिलं आणि ते घ्यायला कुणी नसलं, तर त्यानं त्याला फ्रेम करून भिंतीवर लावायचं का? त्यामुळं आपल्यासारख्या गावात पहिला मार्ग, समोरासमोर बसून ठरवायचा, हाच मला जास्त खरा वाटतो. सगळी जमीन रोखीनं न घेता, पाण्याखालचा भाग नगर परिषदेकडं आणि रस्त्याकडचा उंच भाग मालकाला बांधकामासाठी, अशीही तडजोड मांडून बघता येईल.

आणि घाई का करायची, तेही सांगतो. आरक्षण कायमचं नसतं. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्याची खरी पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. "पत्र पाठवलं होतं" हे पाऊल धरलं जात नाही. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलेलं आहे. आरक्षण उठलं की ती जागा शेजारच्या प्लॉटसारखाच प्लॉट. मग तिथं भर पडणार, इमारत येणार, आणि ते ४०० टँकर आपल्याकडं मुक्कामाला येणार.

तळं घेतलं म्हणजे काम झालं असंही नाही. नागपूरलाच २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत पाणी घुसलं. तो तलाव तर सार्वजनिकच आहे. पुढं सांडव्यासमोरच्या बांधकामावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तळ्याला दोन तोंडं लागतात, येणारं आणि जाणारं. आपल्या तळ्याचं जाणारं तोंड खालच्या गल्लीत कुठं तरी गडप झालंय. मी चालत जाऊन पाहिलं. तिथं आता स्लॅब आहे आणि वर दुचाकी लावतात.

तेव्हा समितीला माझी विनंती अशी. आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवतात तेव्हा मुदत थोडी असते, आणि तेव्हा धावपळ करून उपयोग नाही. सूचना सोसायटीच्या लेटरहेडवर, ठराव क्रमांकासह आणि नकाशा जोडून गेली तर सुनावणीत तिचं वजन पडतं. त्याआधी आपला सांडपाण्याचा पाइप मुख्य गटाराला जोडून घ्यावा. खर्चाचा अंदाज काढायला प्लंबर बोलावलेला आहे, तो मंगळवारी येतोय. ज्यांनी सुरुवातीला प्लॉट घेतले, त्यांच्याकडं मंजूर लेआउटची निळी प्रत असेल, खरेदीखताच्या पिशवीत बघा. तिच्यावर नाला दाखवला आहे की नाही, ते मला पाहायचंय. आणि शेवटच्या गल्लीतल्या मावशी म्हणाल्या, की त्यांच्या सासूबाई त्या तळ्यावर धुणं न्यायच्या. मावशी, तेवढं एका कागदावर लिहून सही करून द्या. "इतरांचा वापर" म्हणतात तो हाच.

कागद सचिवांकडं द्यायचे, रविवारी सकाळी दहा ते बारा कार्यालय उघडं आहे. झेरॉक्स काढून मूळ प्रत लगेच परत मिळेल.