हृदयाच्या रोहिण्यांचे चित्र



मंडळाच्या वर्धापनदिनी आजारपणाच्या गोष्टी कशाला, असे कुणाला वाटेल. परंतु छातीत कळ आली की "पित्त झाले असेल" म्हणून ओवा चघळून पुन्हा कामाला लागणाऱ्या बायका मी नित्य पाहते. म्हणून हा विषय मुद्दाम घेतला आहे. पुरुषाच्या छातीत दुखले की सारे घर धावते. बाईचे दुखणे मात्र कधी जबडा व पाठ दुखणे, कधी दम लागणे, कधी मळमळ अशा रूपाने येते आणि दुर्लक्षित राहते.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतींत चरबी व चुना साठला की वाट अरुंद होते. ती पाहण्यासाठी पूर्वी रोहिणीतून हृदयापर्यंत नळी न्यावी लागे. आता हाताच्या शिरेत आयोडीनयुक्त औषध टोचून सीटी स्कॅनच्या यंत्राने हे चित्र घेता येते. नाडी मंद करण्यास बहुधा गोळी देतात, काही क्षण श्वास रोखावा लागतो, एवढेच.

याचा उपयोग काय? स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४,१४६ रुग्णांची पाहणी झाली. निम्म्यांना नेहमीच्या तपासणीखेरीज हा स्कॅनही केला. २०१८ साली पाच वर्षांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हृदयरोगाने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका हे स्कॅन झालेल्यांत शेकडा २.३, तर इतरांत ३.९ इतके आढळले. चित्र काढल्याने कुणी बरे होत नाही. लपलेला रोग कळला आणि योग्य औषधे वेळेवर सुरू झाली, हे त्याचे मर्म.

म्हणून धडधाकट बाईने केवळ हौसेने स्कॅन करून घेऊ नये. त्यात क्ष-किरण असतात. मूत्रपिंडाचा विकार, आयोडीनच्या औषधाचे वावडे किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. अडथळा मोठा दिसला तर नळीची तपासणी करावी लागू शकते. आणि चित्र स्वच्छ आले म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. अगदी बारीक रक्तवाहिन्यांचे विकार त्यात दिसत नाहीत, आणि ते स्त्रियांत अधिक आढळतात. दुखत राहिले तर पुन्हा विचारावे. भिडेला बळी पडू नये.

आणखी एक. छातीत एकाएकी दाब येऊन घाम सुटला, तर स्कॅनची वेळ ठरवीत बसू नका. १०८ क्रमांकास फोन करा आणि थेट इस्पितळ गाठा.

भगिनींनो, घरच्यांची औषधे आपण घड्याळ लावून देतो. तीच आस्था स्वतःच्या जिवाविषयी बाळगा. हळदीकुंकवाला जमाल तेव्हा एकमेकींना एवढे अवश्य विचारा : "छातीत दुखते म्हणत होतीस, डॉक्टरांकडे गेलीस का?"