प्रवासापूर्वीचे प्रश्न



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका गृहस्थांनी आम्हांला वाटेतच गाठले. मुलगा शिक्षणासाठी जर्मनीला निघालेला. "लोणचे आणि तूप नेता येईल का?" असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही सांगितले, "लोणचे न्या, तूप नको. बाहेरच्या देशांतून मांस आणि दूधदुभते स्वतःबरोबर आणू देत नाहीत तिकडे." गृहस्थांचा चेहरा उतरला. तूप आजीने कढवलेले होते. मग आम्ही विचारले, "मुलगा तिकडे शिकणार काय?" ते म्हणाले, "ते त्यालाच ठाऊक!"

आपल्याकडची तयारी ही अशी असते. बॅग भरते, प्रश्न मात्र घरीच राहतात.

याच्या अगदी उलट तयारी एका अठरा वर्षांच्या मुलीने केली होती. आनंदीबाई जोशी यांचे नाव येथे सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांच्या तयारीकडे आपण फारसे पाहत नाही. १८८३ च्या एप्रिलात त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. पण त्यांची तयारी कितीतरी आधी सुरू झाली होती. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार १८८० पासून चालू होता. त्यामुळे ज्या घरी उतरायचे त्या घराची ओळख पाऊल ठेवण्यापूर्वीच झालेली होती.

निघण्यापूर्वी, १८८३ च्या फेब्रुवारीत, श्रीरामपूर कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण केले. हे श्रीरामपूर बंगालातले, नगर जिल्ह्यातले नव्हे! लोक जे प्रश्न पाठीमागे कुजबुजत होते, ते बाईंनी स्वतःच पुढे मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेलाच का? येथे शिकता येणार नाही का? एकटी का? परतल्यावर वाळीत टाकले तर? संकट आले तर? आणि कोणत्याही बाईने केले नाही ते मीच का करावे? असे सहा प्रश्न होते. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा निर्धारही त्यांनी तेथेच सांगितला. मनाची याहून पक्की तयारी आम्हांला तरी ठाऊक नाही.

पण शरीराचे काय? फिलाडेल्फियाची थंडी, परका शाकाहार, आणि पिंडऱ्या उघड्या टाकणारी नऊवारी! पुढे त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदलली, परंतु प्रकृती खालावतच गेली. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. यात त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. क्षयावर त्या काळी औषधच नव्हते. आपल्याला मात्र ती सबब उरलेली नाही.

आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही तरुणपणी इंग्लंडात शिकायला गेलो. तेथे राहायला गेल्याबरोबर जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायचे असते. कागदावर तसे छापलेही होते. आम्ही चिवड्याचे डबे लावून ठेवले, नाव नोंदवणे राहिले. हिवाळ्यात ताप भरला. आठ दिवस खोलीत पडून होतो आणि घरी पत्र लिहीत होतो, "प्रकृती उत्तम आहे." आईला खोटे लिहिले ते धैर्य म्हणून नव्हे, तर लाजेपोटी. संकट आले तर काय करशील, हे निघताना आम्हांला कुणी विचारले नव्हते आणि आम्हीही स्वतःला विचारले नव्हते.

तेव्हा कागदपत्रांचे दोन शब्दांत आटोपतो. पासपोर्टाला पुढे सहा महिन्यांची तरी मुदत हवी. अनेक देश तेवढी मागतात. आपले नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांचा क्रम पासपोर्टावर आणि गुणपत्रिकेवर जुळतो का, ते आजच पाहा. नेहमीची औषधे असतील, तर डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह बरोबर द्या. विम्याचा कागद नुसता व्हिसापुरता काढू नका, वाचून ठेवा.

हे सारे झाल्यावर एका संध्याकाळी बॅग बाजूला सारा आणि मुलाला किंवा मुलीला समोर बसवा. कशासाठी जातोस? आजारी पडलास तर कुणाचे दार ठोठावशील? आणि जमले नाही, परत यावेसे वाटले, तर आम्हांला खरे कळवशील ना? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाने द्यायचे नसते, ते आईबापांनी द्यायचे असते. "ये, दार उघडे आहे," एवढेच म्हणायचे. त्याला वजन नसते, आणि कुठल्याही सरहद्दीवर ते कुणी काढून घेत नाही.